पाय कुठे होता? गाडीत चढता-उतरताना झालेल्या इजेचं कोडिंग

मेडिकल कोडिंगला, म्हणजे पेशंटच्या नोंदीतलं निदान ठरलेल्या कोडमध्ये लिहिण्याच्या कामाला, नव्याने लागलेला माणूस फ्रॅक्चरचा कोड अगदी मन लावून शोधतो आणि इजा कशामुळे झाली तो कोड मात्र जाता जाता उरकतो. चार्टमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदीत, ‘बसमधून उतरताना पाय मुरगळला’ असं दिसलं की कोणी साधं पडणं म्हणून डब्ल्यू कोड लावतं, तर कोणी ‘बस’ एवढाच शब्द पाहून बसच्या प्रवाशाचा कोड लावतं. दोन्ही चूक. चढताना किंवा उतरताना झालेल्या इजेला आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या निदान-कोडच्या संचात स्वतःची जागा आहे, आणि ती सापडायला एका प्रश्नाचं उत्तर हवं: त्या क्षणी माणसाचा पाय कुठे होता?

इंदूरमध्ये बसून तुम्ही जे चार्ट वाचणार ते बहुतेक अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूमचे किंवा ऑर्थोपेडिक क्लिनिकचे असतील. नियम तिकडचे, पण सराव इथल्या रस्त्यावर छान होतो. सरवटे बसस्थानकाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी सिटी बस, ऑटो, ई-रिक्षा, मॅजिक (छोटी प्रवासी व्हॅन) आणि स्कूटर यांतून माणसं कशी चढतात-उतरतात ते दिसतं. खालची बरीच उदाहरणं म्हणूनच इथली आहेत. कोडमधली अक्षरं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एनकोडरमध्ये (कोड शोधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ती अर्थातच रोमन लिपीत जातील.

आधी इजा, मग कारण

एक्स्टर्नल कॉजचा, म्हणजे इजा कशामुळे झाली ते सांगणारा, कोड पहिल्या क्रमांकावर कधीच येत नाही. आधी एकोणिसाव्या प्रकरणातला इजेचा कोड, म्हणजे एस किंवा टी, आणि त्यानंतर विसाव्या प्रकरणातला वाहन-अपघाताचा व्ही कोड. उजवा घोटा मुरगळला आणि कोणता लिगामेंट ते लिहिलेलं नाही, तर एस९३.४०१ए (शेवटचा ए आणि मधले एक्स कशासाठी ते पुढे येईल). उजव्या गुडघ्याला मुका मार असेल तर एस८०.०१एक्सए. बाजू लिहिली असताना ‘अनस्पेसिफाइड’ लावणं ही ऑडिटमध्ये सापडणारी पहिली चूक.

अमेरिकेत एक्स्टर्नल कॉजचे कोड लावण्याची देशभर लागू असलेली सक्ती नाही. एखादं राज्य किंवा पेअर (बिलाचे पैसे देणारी विमा कंपनी वगैरे) मागत असेल तरच ते बंधनकारक होतात. पण म्हणून ते बिनकामाचे नाहीत. खर्च आरोग्य विम्याने द्यायचा, गाडीच्या विम्याने की कामगार भरपाईतून, हे पेअर याच कोडवरून चाचपतो. चुकीचा व्ही कोड लागला की अपघाताचा तपशील मागणारं पत्र पेशंटच्या घरी जातं आणि क्लेम अडकून पडतो.

इथेच एक सावधगिरी. वय झालेली बाई बसच्या पायरीवरून उतरताना किंचित अडखळली आणि मनगट मोडलं, आणि चार्टमध्ये ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं, निदान आधीच आहे. सुदृढ हाड एवढ्याशा धक्क्याने मोडलं नसतं, तर एस५२ मालिकेतला आघाताचा फ्रॅक्चर कोड लागत नाही. एम८० मालिकेत जावं लागतं. उजवं मनगट आणि वयोमानाने आलेला ऑस्टिओपोरोसिस असेल तर एम८०.०३१ए. गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे, तरी नवीन माणूस ‘पडली, मोडलं, एस कोड’ या ओघात वाहून जातो.

पाय कुठे होता

विसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला व्याख्या दिल्या आहेत. त्या एकदा नीट वाचल्या की निम्मं काम झालं. अपघात ‘ट्रान्सपोर्ट’ ठरायला गाडी हलत असली पाहिजे, चालू असली पाहिजे, किंवा त्या वेळी वाहतुकीसाठी वापरात असली पाहिजे. माणूस तिच्यात बसण्यासाठी चढतोय म्हणजे ती वापरात आहे, उभी असली तरी. डब्ल्यू००–डब्ल्यू१९ या पडण्याच्या कोडखाली वाहनातून पडण्याला वगळणारी टीप आहे आणि ती थेट व्ही कोडकडे पाठवते. ‘गाडी तर उभी होती’ या कारणाने डब्ल्यू कोडकडे धावू नका.

चढणं नेमकं कुठे सुरू होतं आणि उतरणं कुठे संपतं हे कोडबुकात इंच मोजून दिलेलं नाही. आम्ही कामापुरता नियम असा धरतो: गाडीत जाण्यासाठी पाय उचलला किंवा दांडा, दार धरलं की चढणं सुरू, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि गाडीचा आधार सुटला की उतरणं संपलं. चढणं सुरू होण्याआधी आणि उतरणं संपल्यानंतर तो पादचारी.

एकाच बसच्या पायरीवर चार वेगळे कोड कसे तयार होतात पाहा. बस थांबली, बाई खाली पाय टाकताना घसरली: व्ही७८.४एक्सएक्सए, म्हणजे बसमध्ये चढताना-उतरताना, टक्कर नसलेला अपघात. बस रस्त्यावर धावत असताना ब्रेक लागला आणि आत उभा माणूस सीटवर आपटला: तो प्रवासी, म्हणून व्ही७८.६एक्सएक्सए. उतरायचं म्हणून तो जागेवरून उठला होता हे खरं, पण दारापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही त्याला प्रवासीच धरतो. गर्दीत पायरीवर लटकून जाणारा मुलगा खाली पडला: तो चढत नव्हता, त्या जागेवरून प्रवास करत होता. पायरी, टप, बंपर ही सगळी ‘वाहनाच्या बाहेरच्या बाजूला असलेली व्यक्ती’ या व्याख्येत येतात, म्हणून व्ही७८.७एक्सएक्सए. आणि चौथी, बसमधून उतरून रस्ता ओलांडू लागलेली बाई, जिला कारने उडवलं, ती पादचारी: व्ही०३.१०एक्सए. तिच्या कोडमध्ये बसचं नावही येत नाही.

रेल्वेत हाच गोंधळ जास्त महाग पडतो. डब्यात चढता-उतरताना झालेली इजा व्ही८१.४, डब्यातल्या डब्यात पडणं व्ही८१.५, गाडीतून खाली पडणं व्ही८१.६. चार्टमध्ये ‘ट्रेनमधून पडला’ एवढंच असेल तर ‘कदाचित उतरत असेल’ असं स्वतःच्या मनाने .४ लावायचं नाही.

पंक्चर झालेलं चाक बदलणारा किंवा बंद गाडीच्या इंजिनात हात घातलेला माणूस व्याख्येने पादचारी आहे. तो थोड्या वेळापूर्वी ड्रायव्हर होता याने काही बदलत नाही. उलट, ड्रायव्हर आपल्या सीटवरून खाली उतरताना पडला तर तो ड्रायव्हरच्या कोडमध्ये जात नाही, ‘चढता-उतरताना’ मध्येच जातो.

वाहन कोणतं: पहिली दोन अक्षरं

जमिनीवरच्या वाहनांच्या कोडमध्ये जखमी माणूस ज्या वाहनाचा, ते वाहन पहिल्या दोन अक्षरांत येतं. सायकल व्ही१, मोटरसायकल व्ही२, तीनचाकी मोटरवाहन व्ही३, कार व्ही४, पिकअप किंवा व्हॅन व्ही५, जड मालवाहू ट्रक व्ही६, बस व्ही७. धडकणारं वाहन इथे येत नाही.

ऑटोरिक्षासाठी डोकं खाजवायची गरज नाही. तीनचाकी वाहनाच्या व्याख्येत मोटरवर चालणारी रिक्षा नावानिशी आहे, आणि ई-रिक्षाही त्यातच. स्कूटर आणि मोपेड मोटरसायकलमध्ये. बस म्हणजे दहापेक्षा जास्त प्रवाशांसाठी बनवलेलं आणि खास परवाना लागणारं वाहन. म्हणून आपली मॅजिक बसमध्ये बसत नाही. ती व्हॅन धरायची, व्ही५.

अमेरिकन चार्टमध्ये सर्वांत जास्त फसवणारा शब्द एसयूव्ही. आपल्या बोलण्यात ती कारच असते. पण कोडबुकात व्ही४०–व्ही४९ मधून एसयूव्ही आणि मिनीव्हॅन वगळलेल्या आहेत. त्या व्ही५०–व्ही५९ मध्ये जातात. एसयूव्हीतून उतरताना पडलेल्या माणसाचा कोड व्ही५८.४एक्सएक्सए, व्ही४८.४ नव्हे. ‘सेमी’ किंवा ‘एटीन व्हीलर’ लिहिलं असेल तर तो जड ट्रक. त्याच्या उंच केबिनमधून उतरताना ड्रायव्हर पडतात, आणि तो कोड व्ही६८.४एक्सएक्सए.

धडक झाली की नाही: तिसरं अक्षर

या गटांत तिसऱ्या अक्षराचा अर्थ सगळीकडे सारखाच, त्यामुळे एकदा पाठ केला की पुरतो. ० पादचारी किंवा प्राणी, १ सायकल, २ दुचाकी किंवा तीनचाकी मोटरवाहन, ३ कार, पिकअप किंवा व्हॅन, ४ जड ट्रक किंवा बस, ५ रेल्वे, ६ मोटर नसलेलं इतर वाहन, ७ स्थिर वस्तू, ८ टक्कर नाही.

चढता-उतरतानाच्या बऱ्याच केसेस ८ मध्ये मोडतात: पाय घसरला, पायरी चुकली, साडी किंवा ओढणी अडकली, गाडी आधीच सुटली. पण राजवाड्याजवळ ऑटोतून एक पाय खाली टाकला आणि मागून आलेल्या मोटरसायकलने गुडघ्याला ठोकर दिली, तर ती टक्कर आहे: व्ही३२.४एक्सएक्सए. तोच धक्का कारने दिला असता तर व्ही३३.४एक्सएक्सए.

कारला कार धडकली तर आणखी एक पाचवं अक्षर लागतं. व्ही४३.४ नंतर समोरची गाडी कोणती ते सांगायचं: १ एसयूव्ही, २ इतर कार, ३ पिकअप, ४ व्हॅन. कारमधून उतरणाऱ्याला दुसऱ्या साध्या कारने धडक दिली तर व्ही४३.४२एक्सए.

चौथं अक्षर, आणि तिथला सापळा

तीनचाकीपासून बसपर्यंत, म्हणजे व्ही३०–व्ही३८, व्ही४०–व्ही४८ याप्रमाणे व्ही७०–व्ही७८ पर्यंत, चढता-उतरतानासाठी चौथं अक्षर ४. सायकल आणि मोटरसायकलसाठी मात्र ३. बसच्या सवयीने स्कूटरला व्ही२८.४ लावलं की अर्थ होतो ‘रस्त्यावर चालवणारा चालक’, आणि पार्किंगमध्ये स्कूटरवर बसताना तोल गेलेला माणूस कागदावर वाहतुकीतला अपघातग्रस्त ठरतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून मोटरसायकलच्या मालिकेत इलेक्ट्रिक सायकल आणि इतर मोटरसायकल यांची फोड झाली आहे, त्यामुळे व्ही२८.३ वर थांबता येत नाही. टॅब्युलर, म्हणजे कोडांची क्रमवार यादी, उघडून पुढचं अक्षर घ्यावंच लागतं.

दुसरा सापळा ९ ने संपणाऱ्या वर्गांचा. व्ही४९.४ पाहून ‘.४ म्हणजे चढता-उतरताना’ असं वाटतं. तिथे .४ चा अर्थ वेगळा आहे: इतर मोटरवाहनाशी रस्त्यावर टक्कर झालेला चालक. व्ही३९, व्ही५९, व्ही६९, व्ही७९ यांतही चढता-उतरतानाचा अर्थ नाही. अंदाजाने अंक चिकटवू नका. एक्स्टर्नल कॉजच्या इंडेक्समध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट’, मग ‘ट्रान्सपोर्ट’, मग वाहनाचा प्रवासी, मग टक्कर की टक्कर नाही, आणि शेवटी ‘व्हाइल बोर्डिंग ऑर अलाइटिंग’ ही ओळ. तिथून टॅब्युलरमध्ये जाऊन वर्णन पूर्ण वाचायचं.

एक गोष्ट मात्र सोपी आहे आणि शिकवताना ती सांगायची राहून जाते: .४ आणि .३ च्या या कोडना ‘ट्रॅफिक’ आणि ‘नॉनट्रॅफिक’ असा भेद नाही. चालक आणि प्रवासी यांच्या कोडमध्ये घटना सार्वजनिक रस्त्यावर झाली की खासगी जागेत हे ठरवावंच लागतं. इथे नाही. रस्ता की पार्किंग, हे नंतर जागेच्या कोडने सांगायचं.

एक्स किती आणि शेवटी काय

सातवं अक्षर सातव्याच जागी बसलं पाहिजे. मधल्या रिकाम्या जागा एक्सने भरायच्या. व्ही७८.४ ला चार अक्षरं, म्हणून दोन एक्स. व्ही४३.४२ ला पाच, म्हणून एकच. अँब्युलन्समध्ये चढता-उतरताना झालेल्या इजेचा व्ही८६.४१ हाही पाचचा, म्हणून व्ही८६.४१एक्सए. एक एक्स कमी पडला की क्लेम परत येतो.

व्ही कोडला सातव्या जागी तीनच पर्याय: ए, डी, एस. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत ए. डॉक्टर बदलला म्हणून डी होत नाही. हाड जुळायला लागल्यानंतरच्या फेरतपासणीला डी. जुन्या इजेचा मागे राहिलेला परिणाम असेल तर एस. फ्रॅक्चरच्या एस कोडला मात्र अधिक पर्याय आहेत, उदाहरणार्थ हाड उशिरा जुळत असेल तर जी. तेच जी अक्षर व्ही कोडलाही लावण्याची चूक फार होते. फ्रॅक्चरला जी असेल तरी व्ही कोडला डीच.

जागा, कृती, दर्जा

वाय९२ (जागा), वाय९३ (कृती) आणि वाय९९ (दर्जा, म्हणजे माणूस त्या वेळी पगारी कामावर होता की नाही) हे तीन कोड फक्त पहिल्या भेटीत, एकदाच. यांना सातवं अक्षर नसतं. फेरतपासणीच्या चार्टवर व्ही कोड डीसह येतो, वाय कोड येत नाहीत.

जागेसाठी नेहमी लागणारे: बसस्थानक वाय९२.५२१, रेल्वे स्टेशन वाय९२.५२२, पार्किंग वाय९२.४८१, वस्तीतला किंवा बाजारातला रस्ता वाय९२.४१४, रस्ता कोणता ते माहीत नसेल तर वाय९२.४१०, फुटपाथ वाय९२.४८०. जागा अजिबात लिहिलेली नसेल तर वाय९२.९ लावू नका. तो कोड गाळायचा. वाय९३.९ आणि वाय९९.९ चंही तेच.

वाय९३ मध्ये ‘गाडीतून उतरणे’ असा कोड शोधत बसू नका, कृती व्ही कोडमध्येच आली. पण उतरताना हातातल्या मोबाइलकडे लक्ष होतं असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर वाय९३.सी२ जोडता येतो. पगारी कामावर असलेला बसचालक किंवा डिलिव्हरीवाला असेल तर वाय९९.०, आणि मग क्लेमच्या फॉर्मवर कामाशी संबंधित असल्याची खूण कोण करतं हे क्लायंटच्या नियमांत पाहा.

दारात सापडलेलं बोट

यावर वाद ठरलेला. कारच्या दारात बोट चिमटलं: व्ही४८.४ की डब्ल्यू२३ (वस्तूंमध्ये सापडणं, चिमटणं)? डब्ल्यू२३ खाली वगळण्याची टीप आहे: वाहतुकीसाठी वापरात असलेल्या वाहनामुळे झालेली इजा तिथे नाही. म्हणून मुलगी कारमधून उतरत होती आणि मागून दार लोटलं गेलं, तर व्ही४८.४एक्सएक्सए. मुलगी अंगणात बंद कारभोवती खेळत होती, कोणी कुठे जात नव्हतं, आणि दारात बोट आलं, तर गाडी वाहतुकीच्या वापरात नव्हती, तिथे डब्ल्यू२३.२, हलती आणि स्थिर वस्तू यांच्यामध्ये सापडणं. डब्ल्यू२३.२ हा कोडही ऑक्टोबर २०२२ मधला आहे, जुनं कोडबुक वापरणाऱ्याला तो दिसणारच नाही.

बोटाच्या इजेतही घाई नको. डॉक्टरांनी ‘क्रश’ लिहिलं असेल तरच एस६७: उजव्या तर्जनीला एस६७.१९०ए, आणि सोबतच्या जखमेचा कोड वेगळा. फक्त सूज आणि काळंनिळं असेल तर मुका मार: नख शाबूत असेल तर एस६०.०२१ए, नखाला इजा असेल तर एस६०.१२१ए.

बसताना डोकं कारच्या वरच्या चौकटीवर आपटणं ही तशीच सीमेवरची केस. आम्ही व्ही४८.४ कडे झुकतो, कारण माणूस बसण्याच्या कृतीत होता. काही क्लायंट डब्ल्यू२२ (वस्तूवर आपटणं) मागतात. क्लायंटची लेखी सूचना असेल तर ती पाळा. नसेल तर टीममध्ये एकच पद्धत ठेवा. एकाच महिन्यात दोन कोडर दोन कोड लावतात तेव्हा क्यूए (कामाचा दर्जा तपासणारा) दोघांनाही पकडतो.

चार्ट मुका असेल तेव्हा

ट्रायाज नोटमध्ये (पेशंट आल्या आल्या केलेल्या नोंदीत) ‘एमव्हीए’, म्हणजे मोटरवाहन अपघात, डॉक्टरांच्या नोंदीत ‘बसमधून उतरताना पडली’, आणि डिस्चार्जमध्ये नुसतं ‘फॉल’: असे तीन सूर एकाच चार्टमध्ये मिळतात. एमव्हीए पाहून टक्करीचा कोड लावू नका. इजा कशी झाली हे डॉक्टरांनी सविस्तर लिहिलेल्या भागात शोधा. नोंदी एकमेकींना छेद देत असतील तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारा, आणि क्वेरीत उत्तर सुचवू नका. ‘पेशंट उतरत होती ना?’ हा प्रश्न चालत नाही. ‘इजा झाली त्या वेळी पेशंट वाहनाच्या आत होती, चढत किंवा उतरत होती, पायी होती, की इतर काही, ते कृपया नोंदवावे’ हा चालतो.

इथल्या एखाद्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात काम मिळालं तर जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० समोर येईल. तिथेही बससाठी चौथं अक्षर ४ आणि दुचाकीसाठी ३ हाच क्रम आहे, पण एक्स आणि ए-डी-एस नाहीत. अमेरिकन सवयीने तिथे सात अक्षरं टाकली तर सिस्टीम ती घेणार नाही.

अमेरिकेतला नवा संच दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतो, आणि काही बदल १ एप्रिललाही येतात. कोड निवडताना पेशंटला सेवा दिली ती तारीख पाहायची, तुम्ही कोड लावताय ती नव्हे. ३० सप्टेंबरच्या रात्री इमर्जन्सी रूममध्ये तपासून घरी पाठवलेल्या पेशंटचा चार्ट तुमच्याकडे ५ ऑक्टोबरला आला, तरी त्याला जुन्याच संचातला कोड लागतो.